अकरा जागांचं यान

पृथ्वी संपत आली आहे आणि माणसं यानात बसून निघून चालली आहेत, असं वीस मिनिटांचं एक नाटुकलं मी लिहिलं आणि आठवड्याभरात टेक्सासमधल्या प्लेनोतले निम्मे मराठी आईबाप माझ्यावर रुसले.

आमची मराठी शाळा दर रविवारी सकाळी भरते, एका मिडल स्कूलमधल्या भाड्याच्या दोन वर्गांत. दिवाळीच्या कार्यक्रमात शाळेला वीस मिनिटं मिळतात आणि दर वर्षी त्या वीस मिनिटांत मुलं फेटे बांधून नाचतात. त्या वर्षी मला फेट्यांचा वीट आला होता. मी वर्गात विचारलं, "नाटक करायचं का? कशावर करू या?" सगळी एका सुरात ओरडली, "स्पेसशिप!" आणि पहिल्या बाकावरची सात वर्षांची चिमुरडी अगदी खुशीत म्हणाली, "अँड द अर्थ इज डाइंग."

झालं, विषय ठरला. मी कॉलेजात असताना एकांकिका केलेल्या, त्यामुळे ती खाज अजून होतीच. दोन संध्याकाळी बसून लिहून काढलं. पाणी आटलं आहे, हवा नासली आहे, सगळी यानं गेली, हे शेवटचं. स्टेजवर बारा जण आणि यानात जागा अकरा. बारावं कोणीतरी खाली राहणार. आता नाटक म्हटलं की कोणीतरी पेचात सापडायला हवं, नाहीतर ते नाटक कसलं? खाली कोण राहणार ते मी ठरवलं नव्हतं. तालमीत बघू, म्हटलं. ती चूक झाली.

रविवारी वर्गात मुलांना वाचून दाखवलं आणि सोमवारपासून फोन सुरू झाले. पहिला एका आईचा. तिने आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मग हवेची, मग पाडव्याच्या फराळाची. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची आपली जुनी सवय टेक्सासला येऊनही सुटत नाही. शेवटी म्हणाली, "ताई, अ‍ॅक्टिंगच आहे हे मला माहितीये, पण माझ्या पिल्लूला खाली नका ना ठेवू. कसंतरीच वाटतं." दुसऱ्या आईने तोच मुद्दा अपशकुनाच्या बाजूने मांडला. तिसऱ्या घरून वडील बोलले, ते मूळचे पुण्याचे. त्यांनी विचारलं, "सिलेक्शनचा क्रायटेरिया काय आहे, ताई? तो आधी पब्लिश करायला हवा, यार, म्हणजे नंतर कोणाला इश्यू नको." मी म्हटलं, नाटक आहे ते, नोकरभरती नाही. संध्याकाळी त्यांनी मला एक एक्सेल शीट पाठवलं. त्यात बारा ओळी होत्या, हजेरीचा रकाना होता, पाठांतराचा रकाना होता आणि शाळेत कोण कधी दाखल झालं त्याची तारीख होती. तारखेप्रमाणे लावलं तर त्यांची मुलगी तिसरी येत होती. आणखी एका गृहस्थाने तोडगा सुचवला की दुसरं यान आणा. मी म्हटलं, दुसरं यान आणलं तर मग नाटक बंद करून बटाटेवडेच वाटू या.

माझा मुलगा दूर बेलव्ह्यूला असतो, अमेरिकेतच जन्मलेला. त्याला मी फोनवर संहिता वाचून दाखवली. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "आई, व्हाय आर दे स्टँडिंग इन लाइन? प्लॅनेट जळतंय ना?" मी म्हटलं, मग काय करतील? तो म्हणाला, "रन!" मी पानं पुन्हा चाळली. खरंच, माझ्या नाटकात पृथ्वी मरत होती आणि माणसं हातात फाइल धरून खिडकीसमोर शांतपणे उभी होती. एकाचा फॉर्म चुकला म्हणून त्याला मागे पाठवलेलंही मी लिहून ठेवलं होतं. आपल्याला कुठेही जायचं म्हटलं की आधी रांगच दिसते, त्याला मी काय करू? मी रांग तशीच ठेवली.

फोन न करणारं घर एकच निघालं. बारा जणांत वयाने सगळ्यांत मोठी होती ती एक वीस वर्षांची मुलगी. शाळेची जुनी विद्यार्थिनी, आता इथल्याच कॉलेजात शिकणारी आणि रविवारी बालवर्गाला अक्षरं गिरवायला लावणारी. तिचे आईवडील नागपूरचे. तिच्या आईने ना गुडघ्याची चौकशी केली ना अपशकुन काढला. मला त्या बाईचं कौतुक वाटलं. एक तरी घर शहाणं आहे, असं मी नवऱ्याला जेवताना ऐकवलं सुद्धा. आणि फोनांच्या कटकटीतून सुटायला ती भूमिका मी तिच्या मुलीला देऊन टाकली: यानाची यादी वाचणारी ताई. ती एकेकाचा नंबर पुकारते, एकेकाला आत बसवते, आणि शेवटी तिच्या लक्षात येतं की आपला नंबर यादीत नाहीच.

तालमी आमच्या गॅरेजमध्ये होत. यान तिथेच उभं राहिलं. फ्रिज आणि वॉशिंग मशिनचे खोके, आणि त्यांवर पॉटलकच्या जेवणाला वापरतात ते फॉइलचे ट्रे, कापून सपाट केलेले. घरोघरचे ट्रे जमवले होते, कितीही धुतले तरी यानाला मसालेभाताचा वास येत राहिला. मुलांना त्याचं काही नव्हतं. ती आत बसून चिप्स खात आणि मी ओरडले की उलटी मोजणी करत, "दहा, नऊ, आठ." सातनंतर हमखास इंग्रजी सुरू होई.

तिसऱ्या तालमीला यादीचा प्रसंग घेतला. मी लिहिलं होतं, नंबर नाही हे कळताच ती ओंजळीत तोंड लपवून हुंदके देते. मग आतल्या एका मुलाला दया येते आणि तो तिला आपली जागा देतो. तिने वाक्यं म्हटली, पण रडली नाही. मी म्हटलं, "अगं, रड की."

"काकू, ती रडणार नाही," ती म्हणाली.

"का? दगड आहे का ती?"

"नाही. पण यादीत नाव नाही हे कळलं ना, की माणूस आधी रडत नाही. आधी तो परत चेक करतो. मग परत एकदा. त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलंय, आपणच नीट वाचलं नाही."

"तुला गं काय ठाऊक?" मी ठसक्यात विचारलं. संहितेत कोणी बोट घातलेलं मला खपत नाही.

तिने मुलांना पाणी प्यायला घरात पाठवलं आणि मग सांगितलं, अगदी सरळ आवाजात. ती इथे आली तेव्हा दोन वर्षांची होती, वडिलांच्या वर्क व्हिसावर आईबरोबर. वडिलांचं ग्रीन कार्ड रांगेत आहे, अठरा वर्षं. ती त्यांची मुलगी म्हणून त्याच रांगेत, पण एकवीस पूर्ण होईपर्यंतच. जानेवारीत तिला एकवीस पूर्ण होतात. त्या दिवसापासून या देशाच्या हिशेबाने ती कोणाचीच मुलगी नाही. विद्यार्थ्याच्या व्हिसासाठी तिने स्वतंत्र अर्ज केलाय आणि उत्तर आलेलं नाही. उत्तर 'हो' आलं तर पुढचं बघता येईल. 'नाही' आलं तर त्या दिवशी सामान बांधायचं.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आठ वर्षं मी तिच्या आईच्या हातची कोथिंबीर भरलेली सांभारवडी खात होते. आमच्यात लोक एकमेकांना वजन विचारतात, मुलांचे मार्क विचारतात, घर केवढ्याला घेतलं ते विचारतात, पण कागदांचं कुठवर आलंय हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. मी कधीच नागरिक होऊन बसले होते. आम्ही अर्ज केला तेव्हा रांग लहान होती, एवढीच आमची कर्तबगारी. आणि जिला खरोखरच खाली ठेवायचं घाटत होतं, नेमक्या तिलाच मी ती भूमिका दिली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. तिची आई स्वयंपाकघरात होती. मी ओट्याशी उभी राहूनच माफी मागितली आणि म्हटलं, भूमिका बदलते, तिला आत बसवते, दुसरं कोणीतरी राहील खाली. आणि मग मला राहवलं नाही. "तुम्ही फोन का नाही केलात? सगळ्यांनी केले."

ती पोळी लाटायची थांबली नाही. म्हणाली, "ताई, मी फोन करून का म्हणणार होती? माझ्या पोरीला आत घ्या म्हणू? तिला घेतलं की दुसऱ्या कोणाची पोरगी खाली राहीन. पोरगी रोज व्हिसाची ती वेबसाइट पाहून राहिली. खरं तिथं काही म्हणता येत नाही, तर नाटकात म्हणून का करू?"

मुलगी जिन्यावरून खाली आली. तिने सगळं ऐकलेलं होतं. "काकू, रोल बदलू नका. मला करायचाय. पण शेवट बदला. कोणी मला सीट देत नाही. असं कोणी देत नाही आणि देऊ पण नये, तो सात-आठ वर्षांचा मुलगा आहे."

"मग शेवट काय करू? तू नुसती उभी राहणार?"

"नाही. यान गेल्यावर ती कामाला लागते. बाकी सगळे गेले, पण ही जागा आहे ना अजून. झाडू घेते आणि सुरू करते."

माझ्यातली नाटकवाली आधी मनात म्हणाली की हा काही शेवट नाही. मग मी तिच्याकडे पाहिलं आणि घरी येऊन शेवटची दोन पानं फाडली. त्या दिवसापासून ते नाटक मी इरेला पेटून बसवलं. कार्यक्रम समितीच्या अध्यक्षांनी सुचवून बघितलं की दिवाळी आहे, शेवट थोडा आनंदी करता आला तर बरं. मी त्यांना सांगितलं, वीस मिनिटं माझी आहेत, आनंद एकविसाव्या मिनिटापासून सुरू करा.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. रांगेचा प्रसंग रंगला, चुकलेल्या फॉर्मवर तर टाळ्या पडल्या. एकेक नंबर आत गेला. ती स्टेजवर एकटी राहिली, हातात यादीचा कागद. तिने वरून खालपर्यंत बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. आणि मग तिने एक गोष्ट केली जी तालमीत कधी केली नव्हती. कागद फोनसारखा धरला आणि अंगठ्याने तो वरून खाली ओढला, पान रिफ्रेश करतात तसा. थांबली. परत ओढला.

हॉलमध्ये मागे कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. त्या खुर्च्यांत बसलेल्या किती जणांचा अंगठा रोज सकाळी तसाच फिरत होता ते मला त्या क्षणी कळलं. एक्सेल शीटवाले गृहस्थ पहिल्याच रांगेत होते, विंगेतून मला समोर दिसत होते. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ घातला नाही.

एवढ्यात यानाच्या खिडकीतून ती सात वर्षांची चिमुरडी डोकं बाहेर काढून म्हणाली, "ताई, देअर इज रूम. आय कॅन स्कूच." आणि खरंच सरकून बसली. हे कोणी लिहिलं नव्हतं. विंगेत उभी राहून मी मुठी आवळल्या, कारण आता ही रडली तर मी जाऊन पडदा पाडणार होते.

ती रडली नाही. खिडकीपाशी गेली, मुलीचं डोकं हळूच आत केलं आणि म्हणाली, "नको बाळा. ती तुझी जागा आहे. नीट बस, बेल्ट लाव." मग तिने खोक्याचं झाकण बाहेरून बंद केलं, दोन्ही हातांनी दाबून बघितलं. मुलांनी दहापासून शून्यापर्यंत सगळे आकडे मराठीत मोजले, इतक्या तालमींनंतर पहिल्यांदा. यान विंगेत ओढून नेलं. तिने यादीची घडी घालून खिशात ठेवली, झाडू घेतला आणि स्टेज झाडायला लागली. पडदा पडेपर्यंत झाडत होती.

नंतर जेवणाच्या रांगेत एक्सेलवाले गृहस्थ तिच्या आईजवळ आले. हातात रिकामी प्लेट होती. म्हणाले, "वहिनी, आमची मोठी पण पुण्यात जन्मलेली. नऊ वर्षांची आहे आता. बारा वर्षं आहेत आमच्याकडे." एवढंच बोलले आणि पुढे गेले. पहिला फोन करणारी आईही आली आणि तिने या मुलीच्या आईचा हात धरला. मी घरोघरी ज्या फोनांची नक्कल करून लोकांना हसवत होते, ते फोन कशासाठी आले होते हे मला तेव्हा समजलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. माझं जळायचं कधीच थांबलं होतं, म्हणून मला नाटक सुचलं होतं. मला माझी लाज वाटली.

डिसेंबर उजाडला तरी उत्तर आलं नाही. तिने मात्र गुपचूप दुसराही अर्ज करून ठेवला होता, टोरोंटोजवळच्या एका कॉलेजात. तिथून प्रवेश आला आणि पाठोपाठ तिथे राहून शिकायची परवानगीही. तिच्या वडिलांचं म्हणणं, थांबून बघू. ती म्हणाली, "बाबा, अठरा वर्षं थांबलो ना. मी आता कोणाच्या उत्तराची वाट बघत बसणार नाही. मी शिकणार आहे, जिथे शिकू देतील तिथे." दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच जाड कोट आणि बूट मागवले.

पोचवायला आईवडिलांपैकी कोणालाही जाता येत नव्हतं. वडिलांच्या व्हिसाच्या मुदतवाढीचा कागद अडकला होता आणि वकिलाने बजावून सांगितलं होतं की तो हातात येईपर्यंत दोघांनीही देशाबाहेर पाऊल टाकू नका. हे कळल्यावर मी कोणाला विचारलं नाही. तिच्या शेजारची सीट बुक केली आणि मग सांगितलं. तिची आई म्हणाली, "ताई, तिची गादी तेवढी घालून द्या."

डॅलसच्या विमानतळावर वडिलांनी तिची बॅग तीनदा वजनाच्या काट्यावर ठेवली आणि तीनदा उतरवली. आई सुरक्षा तपासणीच्या दोरीपर्यंत आली. मी मागे वळून पाहिलं, मुलीने पाहिलं नाही. विमानात ती माझ्याशी बालवर्गाबद्दल बोलत राहिली: कोणाला 'ळ' जमत नाही, कोणाला डावखुरं म्हणून हटकू नका. मी वहीत लिहून घेतलं.

हॉस्टेलची खोली लहान होती, बाहेर ढीगभर बर्फ. तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावून फोन खिडकीत उभा केला आणि मी गादी घातली. आई तिकडून सांगत होती, चादर चारी बाजूंनी खोचा, उशी भिंतीकडे नको, गार लागंन. मी एरवी कोणाचं ऐकत नाही, पण त्या दिवशी चादर तीनदा काढून घातली. मुलगी टेबलावर पुस्तकं लावत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "काकू, निघा आता तुम्ही. फ्लाइट चुकेल." मी तिला जवळ घेतलं. ती दारापर्यंत आली आणि मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत उभी राहिली.

टोरोंटोच्या विमानतळावरच अमेरिकेचे अधिकारी बसतात, पासपोर्ट तिथेच बघतात. माझी पाळी आली. तरुण मुलगा होता, तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्याने विचारलं, कशासाठी गेला होतात? मी सांगितलं, मुलीला कॉलेजात पोचवायला. "तुमची मुलगी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "अवर्स." त्याने जरा पाहिलं, पण पुढे काही विचारलं नाही. पासपोर्ट माझ्याकडे सरकवला आणि मनापासून हसून म्हणाला, "वेलकम होम."

मी या देशात आले तेव्हा तेहेतीस वर्षांची होते. ती दोन वर्षांची होती. वाचायला, लिहायला, गाडी चालवायला, सगळं इथेच शिकली. ते दोन शब्द तिचे होते आणि तो ते मला देत होता. अधिकाऱ्यांना मी नेहमी थँक यू म्हणते. त्या दिवशी म्हटलं नाही.